‘अपना आदमी है’ म्हणून गाडी घेऊ नका

आपल्याकडे सेकंडहँड गाडीचा सौदा तीन वाक्यांत उरकतो. ‘अपना आदमी है.’ ‘जैसी है वैसी.’ आणि गिऱ्हाईक तरीही बोनटपाशी घुटमळलं तर, ‘अल्लाह पे भरोसा रखो भाई, इतना क्या सोचना!’ तिसऱ्या वाक्याला बहुतेकजण विरघळतात. विसार दिला जातो, चावी हातात येते, गाडीला हार चढतो. गाडी आधी कुणाकडे होती, खरोखर किती चालली, कुठे ठोकली, कोणत्या पुरात उभी होती, तिच्यावर कुणाचं कर्ज आहे, यातलं काहीही विचारलेलं नसतं. विचारलं तर मेहुणा नाराज होईल, मशिदीत रोज शेजारी उभे राहणारे चाचा दुखावतील, ‘एवढाही विश्वास नाही का आमच्यावर?’ असं कुणीतरी ऐकवेल.

माझी तक्रार या शिष्टाचाराबद्दल आहे. ही तिन्ही वाक्यं कानाला दीनदार वाटतात आणि तिन्ही दीनच्या शिकवणुकीला छेद देतात. गाडीचा इतिहास तपासणं हा घेणाऱ्याचा हक्क आहे आणि तो न विचारता सांगणं हे विकणाऱ्याचं कर्तव्य. जो माणूस तपासाला ‘अविश्वास’ म्हणतो, तो तुमच्याकडे विश्वास मागत नसतो. झाकपाक करायची मोकळीक मागत असतो. ती मोकळीक आपण नात्याच्या, जमातीच्या आणि दीनच्या नावाने देत आलो आहोत. ती बंद झाली पाहिजे.

बदगुमानीचा आक्षेप

पहिला आक्षेप ठरलेला: बदगुमानी गुनाह आहे. कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये माणसांबद्दल फुकाचे संशय घेऊ नका असं सांगितलं आहे, हे खरंच आहे. ती त्या सूरहची बारावी आयत. पण बारावीच्या आधी सहावी येते. बेभरवशाचा माणूस खबर घेऊन आला तर आधी शहानिशा करा, नाहीतर अजाणतेपणी कुणाचं तरी नुकसान कराल आणि मग पस्तावाल, असा तिचा आशय आहे. एकाच सूरहमध्ये दोन्ही शिकवणी आहेत. आपण सोयीची तेवढी पाठ केली.

कुणी म्हणेल, चाचा काय बेभरवशाचे आहेत? नसतीलही. पण चाचांनी ती गाडी दलालाकडून घेतलेली असते, दलालाने दुसऱ्या शहरातल्या दलालाकडून, आणि त्याने कुठल्यातरी लिलावातून. ‘गाडी एकदम ओके है’ ही खबर चार तोंडांतून फिरून तुमच्यापर्यंत आलेली असते. चाचा हे त्यातलं शेवटचं तोंड. त्यांची नियत साफ असेल, म्हणून गाडीचा चेसिस साफ होत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. कुरआनमधली सर्वांत लांब आयत नमाजवर नाही, रोज्यावर नाही, हजवर नाही. ती देण्याघेण्याच्या हिशेबावर आहे. सूरह बकराची ही 282 वी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगते. रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका म्हणते, साक्षीदार ठेवायला सांगते. हातोहात होणाऱ्या रोखीच्या व्यवहारात लिहिलं नाही तरी चालेल अशी मुभा देते, पण खरेदी-विक्रीला साक्षीदार ठेवा हे तिथेही सांगते. आणि हे सगळं कुणाला उद्देशून? ईमानवाल्यांना. ज्यांनी एकमेकांवर विश्वास ठेवायचा, त्यांनाच लिहायला सांगितलं आहे. लिहिलेलं असलं की विश्वास टिकतो, तोंडी राहिलं की भांडणं होतात आणि मग नाती तुटतात. आपल्या प्रत्येक खानदानात एखादी गाडी, एखादी जमीन किंवा एखादं दुकान असं आहेच, ज्याच्यावरून दोन घरं ईदलाही एकमेकांकडे जात नाहीत.

कासेतलं दूध आणि मीटरमधले किलोमीटर

प्रेषित मुहंमद (स.) यांच्या काळात बाजारात गाड्या नव्हत्या, जनावरं होती. आणि आजच्या गाडीबाजारातल्या सगळ्या लबाड्या त्या जनावरांच्या बाजारातही होत्या. एक लबाडी अशी होती: विकायच्या आधी दोन-तीन दिवस शेळीचं किंवा उंटिणीचं दूध काढायचंच नाही. कास तटतटून भरायची. घेणाऱ्याला वाटायचं, जनावर दुधाळ आहे. घरी नेल्यावर दुसऱ्या दिवशी खरं कळायचं. याला तसरिया म्हणतात. प्रेषितांनी ती साफ मना केली आणि असं जनावर गळ्यात पडलेल्या माणसाला ते ठेवण्याचा किंवा परत करण्याचा हक्क दिला.

गाडीचं मीटर मागे फिरवणं ही आजची तसरिया आहे. डिजिटल मीटर आलं तेव्हा लोकांना वाटलं, आता आकडा बदलता येणार नाही. उलट ते सोपं झालं. डॅशबोर्डखाली एक यंत्र जोडायचं, आकडा टाकायचा, काम झालं. दीड लाख किलोमीटर धावलेली गाडी साठ हजारांची होऊन उभी राहते. यात फक्त पैशाची फसवणूक नाही. ज्या इंजिनात टायमिंग बेल्ट असतो, तो ठराविक किलोमीटरनंतर बदलावा लागतो. आकडाच खोटा असेल तर घेणारा निवांत राहतो आणि बेल्ट एखाद्या दिवशी घाटात तुटतो. अनेक इंजिनं त्या एका क्षणात निकामी होतात. चालत्या गाडीचं इंजिन घाटात बंद पडणं म्हणजे काय, हे कोकणात राहणाऱ्यांना सांगायला नको.

दुसरी हदीस आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. प्रेषित बाजारातून जाताना धान्याच्या एका राशीत हात घालतात, आतलं धान्य ओलं लागतं. विकणारा म्हणतो, पाऊस पडला होता. प्रेषित विचारतात, मग ते ओलं धान्य वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं. आणि पुढे सांगतात की दगा देणारा आमच्यातला नाही. मशिदींच्या भिंतींवर ही हदीस लावलेली दिसते. पण तिचा अर्थ आपण ‘खोटं बोलू नका’ एवढाच घेतला. तो दुकानदार खोटं बोललाच नव्हता. त्याने विचारल्यावर लगेच खरं सांगितलं. त्याचा दोष एवढाच की ओलं खाली आणि कोरडं वर ठेवलं होतं, गिऱ्हाईकाने विचारायची वाट पाहत होता.

आपल्या महाराष्ट्रात ओल्या राशी कमी नाहीत. 26 जुलै 2005 ला मुंबई बुडाली. ऑगस्ट 2019 मध्ये सांगली आणि कोल्हापूर बुडालं. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं. प्रत्येक वेळी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. विमा असलेल्या गाडीच्या दुरुस्तीचा खर्च तिच्या ठरलेल्या विमा-किमतीच्या 75 टक्क्यांवर गेला, की कंपनी तिला ‘टोटल लॉस’ धरते. मालकाला पैसे मिळतात, गाडी लिलावात जाते. लिलावातली प्रत्येक गाडी भंगारात तुटत नाही. काही धुऊन, पुसून, सीटचे कव्हर बदलून पुन्हा रस्त्यावर येतात. अमेरिकेत अशा गाडीच्या मालकीच्या कागदावर तसा शिक्का बसतो. ब्रिटनमध्ये गाडीच्या वार्षिक तपासणीत नोंदलेला मैलांचा आकडा कुणालाही सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येतो. आपल्या आरसीवर ‘ही गाडी पाण्यात बुडाली होती’ असं कुठेही लिहिलेलं नसतं. पाणी शिरलेल्या गाडीचं वायरिंग आतल्या आत महिनोन्महिने गंजत राहतं. ऐन वेळी एअरबॅग उघडत नाही, ब्रेकचा सेन्सर दगा देतो. हे माहीत असून गप्प राहणारा माणूस ओलं धान्य विकत नाही, एका कुटुंबाचा जीव पणाला लावतो.

आता एक कडू गोष्ट. गाडी सजवणारे हात पुष्कळदा आपलेच असतात. डेंटर आपला, पेंटर आपला, इलेक्ट्रिशियन आपला. कुर्ल्याच्या गॅरेजच्या गल्ल्यांत एक चक्कर मारा, हातातलं कसब बघून मान डोलावी असं काम तिथे होतं. चेंबलेला पत्रा अशा सफाईने सरळ करतात की हात फिरवूनही कळत नाही. हे कसब अल्लाहची देणगी आहे. पण ‘मैंने तो सिर्फ मीटर सेट किया, बेचा थोडी’ असं म्हणून कुणाची सुटका होत नाही. राशीत ओलं धान्य खाली ढकलणारा मजूर ही त्या दग्याचा वाटेकरीच असतो.

कायद्याचा घोडा

काहीजण म्हणतील, फसवणूक झाली तर कायदा आहे की. कायदा काय म्हणतो ते नीट बघू.

1872 चा भारतीय करार कायदा इंग्रजांनी केला, तो अजून चालू आहे. त्याच्या 17 व्या कलमात फसवणुकीची व्याख्या आहे. दोष मुद्दाम झाकणं ही फसवणूक आहे, म्हणजे मीटर फिरवणारा त्यात सापडतो. पण नुसतं गप्प राहणं ही सहसा फसवणूक धरली जात नाही. त्याचं उदाहरण त्याच कलमाखाली दिलं आहे: एक माणूस लिलावात घोडा विकतो, घोड्यात दोष आहे हे त्याला ठाऊक आहे, तो काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. पुढे 19 व्या कलमात आणखी एक मेख आहे. गप्प राहून फसवलं गेलं असलं तरी, साधारण काळजी घेऊन तुम्हाला खरं कळू शकलं असतं, तर करार रद्द करून मागता येत नाही.

याचा सरळ अर्थ असा की जो तपासत नाही, त्याच्या मागे कायदाही पुरता उभा राहत नाही. न्यायाधीश पहिला प्रश्न विचारणार: आरसी बघितली होती का? सर्व्हिसचे कागद मागितले होते का? आणि तुम्ही सांगणार, ‘साहेब, अपना आदमी था.’

शरियतचा घोडा वेगळा आहे. तिथे माल विकताना माहीत असलेला दोष सांगणं बंधनकारक आहे आणि लपवलेला दोष नंतर उघड झाला तर घेणाऱ्याला सौदा परत करण्याचा हक्क मिळतो. त्याला फिकहमध्ये खियार-ए-ऐब म्हणतात. इथे एखादे अभ्यासू दलाल पुढे येतात. म्हणतात, हनफी फिकहमध्ये ‘कोणत्याही दोषाची जबाबदारी माझ्यावर नाही’ अशी अट घालून विकता येतं, मग ‘जैसी है वैसी’ म्हटलं तर काय बिघडलं? अशी अट हनफी मतात चालते, हे बरोबर आहे. पण सौदा कायम राहणं वेगळं आणि गुनाहमधून सुटणं वेगळं. माहीत असलेला दोष दडवून वरून अट घालणं, हा अटीच्या आड केलेला दगाच. कोकणातले बहुसंख्य मुसलमान ज्या शाफई मताचे आहेत, तिथे तर ही सवलत फार तोकडी आहे, माहीत असून लपवलेला दोष तिच्यात बसत नाही.

आणि ज्यांचं नाव घेऊन ही सवलत मागितली जाते, ते इमाम अबू हनीफा स्वतः कूफ्यात कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या चरित्रांत एक प्रसंग येतो. भागीदाराकडे माल पाठवताना त्यांनी बजावलं होतं की अमुक कापडात दोष आहे, विकताना दाखव. भागीदार विसरला, कापड विकलं गेलं, घेणारा कोण ते सापडेना. इमामांनी त्या मालाची सगळी रक्कम दान करून टाकली. त्यांचे अनुयायी आज त्यांच्याच मताच्या आधाराने पुरात बुडालेली गाडी खपवतात.

ब्याज टाळणाऱ्याला कोण वाचवणार?

आपल्यातली अनेक कुटुंबं बँकेचं कर्ज घेत नाहीत. ब्याज नको म्हणून वर्षानुवर्षं पैसे साठवतात, भिशी लावतात, बायकोचे दागिने मोडतात आणि रोखीत गाडी घेतात. या निर्धाराबद्दल मला आदर आहे. पण त्याचा एक परिणाम कुणी बोलून दाखवत नाही. कर्ज देणारी बँक स्वतःच्या पैशाच्या काळजीने गाडीची किंमत काढायला माणूस पाठवते, आरसी तपासते, जुना बोजा उतरलाय का बघते. रोखीत घेणाऱ्यामागे असं कुणीच नसतं. म्हणजे जो माणूस दीनसाठी सर्वांत जास्त कष्ट सोसतो, तोच बाजारात सर्वांत उघडा पडतो. हे दलालांना पक्कं ठाऊक आहे.

शिवाय ही गाडी पुष्कळदा हौसेची नसते. शाळेची मुलं ने-आण करायला, भाजी वाहायला, भाड्याने चालवायला घेतलेली असते. तीच बसली की घराची चूल बसते. आणि रोख दिल्याचा पुरावाही हातात नसतो. 2 लाख रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेणं आयकर कायद्यात मना आहे, दंड घेणाऱ्याला होतो. म्हणून घेणारा पावती देत नाही किंवा अर्ध्याच रकमेची देतो. उद्या सौदा फिसकटला तर उरलेले पैसे दिलेच नव्हते, असं तो शांतपणे सांगू शकतो. ब्याज टाळायला रोख लागत नाही. स्वतःच्या खात्यातून विकणाऱ्याच्या खात्यात पैसे पाठवण्यात ब्याजाचा संबंध येतो कुठे?

अर्ध्या दिवसाचं काम

तपासणं कठीण असतं तर एकवेळ समजून घेता आलं असतं. ते अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आरसीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्या नंबरांशी अक्षर-अक्षर जुळवा. टोटल लॉसमध्ये गेलेल्या गाडीचे कागद विकत घेऊन त्याच मॉडेलच्या चोरीच्या गाडीला लावायचे, ही पद्धत पोलिसांच्या तपासात पुन्हा पुन्हा समोर आली आहे. कोरलेल्या जागी घासल्याच्या, वेल्डिंगच्या किंवा ताज्या रंगाच्या खुणा दिसल्या तर तिथूनच सलाम करून परत फिरा. एनसीआरबी, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या पोर्टलवर गाडी चोरीच्या नोंदीत आहे का, हे बघता येतं. चोरीचा माल घेतल्याचा गुन्हा लावताना ‘चोरीचा आहे असं मानायला कारण होतं का’ हे पाहिलं जातं. बाजारभावाच्या निम्म्या किमतीत, कागदांशिवाय मिळालेली गाडी हेच ते कारण ठरू शकतं. गाडी तर जातेच.

एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विम्याची मुदत आणि बँकेचा बोजा दिसतो. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय विसारही देऊ नका. थकलेली चलनं बघा. दिल्ली परिसरात 10 वर्षांवरच्या डिझेल आणि 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या जुन्या गाड्या इतर राज्यांत स्वस्तात येतात. बाहेरच्या राज्याचा नंबर असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथे भरावा लागणारा कर आधी हिशेबात धरा. मग ती स्वस्ताई किती उरते ते बघा.

विम्याचे जुने कागद मागा. दावा न केलेल्या वर्षांगणिक बोनस वाढत जातो: 20, 25, 35, 45 आणि शेवटी 50 टक्के. एकाच मालकाकडे सहा वर्षं असलेल्या गाडीचा बोनस शून्य असेल, तर त्या गाडीवर अलीकडेच दावा झाला आहे किंवा विमा मध्येच तुटला आहे. का, ते विचारा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदी मालकाला बरोबर घेऊन काढा, मीटरचा खोटेपणा तिथे उघडा पडतो. टायरवरच्या चार आकड्यांत तो कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी बनला ते लिहिलेलं असतं. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. सगळ्या काचांवरचे शिक्के एकसारखे आहेत का बघा, एक वेगळी असेल तर ती का बदलली ते विचारा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, टोकाला चिखलाची रेघ असेल तर गाडी पाण्यात होती. कार्पेट उचला, सीटखालचे बोल्ट बघा. आणि गाडी लिफ्टवर चढवून एखाद्या मिस्त्रीला दाखवा. मात्र मिस्त्री तुमचा असू द्या, विकणाऱ्याने सुचवलेला नको.

यातल्या एकाही गोष्टीला विकणाऱ्याने आडकाठी केली, तर उत्तर मिळालं असं समजा.

नाव कुणाचं?

ही जबाबदारी घेणाऱ्यापुरती नाही. गाडी विकून पैसे खिशात घातले की आपला संबंध संपला, असं विकणाऱ्यांनाही वाटतं. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून दलालाच्या हातात देतात. दलाल तेच फॉर्म पुढे सरकवतो. गाडी तीन हातांतून फिरते आणि कागदावर मालक तुम्हीच राहता.

मोटार वाहन कायद्याच्या 50 व्या कलमाप्रमाणे विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत नाव लावून घ्यायला अर्ज करायचा असतो. आधीचा फॉर्म 29, नंतरचा 30. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की गाडी कितीही हातांत फिरली असली तरी अपघाताची भरपाई देण्याच्या बाबतीत नोंदणीत ज्याचं नाव आहे तोच मालक धरला जाईल. म्हणजे वर्षांपूर्वी विकलेल्या गाडीने कुणाला चिरडलं तर नोटीस तुमच्या दारात येते. 1 एप्रिल 2023 पासून डीलरसाठीही नियम आहेत. नोंदणीकृत डीलरकडे गाडी दिल्याची आरटीओला रीतसर सूचना द्यायची आणि तिथून पुढे जबाबदारी डीलरची. तुमचा दलाल नोंदणीकृत आहे का, हे कधी विचारलं आहे?

भरपाई ही तरी पैशाची गोष्ट झाली. 10 नोव्हेंबर 2025 च्या संध्याकाळी दिल्लीत लाल किल्ल्याजवळ एका गाडीत स्फोट झाला. तपास सुरू झाला नोंदणीतल्या नावापासून. पोलीस सगळ्यात आधी त्या माणसाकडे पोहोचले. गाडी त्याने आधीच विकलेली होती आणि ती पुढे अनेक हातांतून गेली होती. मालेगावच्या 2008 च्या स्फोटाच्या खटल्यातही मोटारसायकलीचा खोडलेला चेसिस नंबर आणि तिची मालकी हा वाद थेट 2025 च्या निकालापर्यंत चालला. आपल्या नावाच्या माणसाच्या दारात रात्री पोलीस आले तर मोहल्ला काय विचार करतो, शाळेत मुलांना काय ऐकावं लागतं, नोकरीवर काय होतं, हे मी लिहायची गरज नाही. असा प्रसंग आला तर तुमच्या बाजूने बोलणारा एकच साक्षीदार असेल: आरटीओची तारीख असलेला तो कागद. इतकं सगळं माहीत असूनही आपण कोऱ्या फॉर्मवर सही करतो आणि म्हणतो, ‘अपना आदमी है, कर देगा.’

धंदा बुडेल?

शेवटचा आक्षेप पोटाचा आहे. सगळं खरं सांगितलं तर गाडी विकली कशी जाणार? लहान दलालाचं घर कसं चालणार? बाकीचे सगळेच असं करतात, आम्हीच का मागे राहायचं?

गाडी विकली जाईल, फक्त तिच्या खऱ्या किमतीला. ठोकलेली आणि नीट दुरुस्त केलेली गाडी घेणारेही असतात, त्यांना स्वस्तात हवी असते. दोष सांगून विकणं म्हणजे धंदा बंद करणं नाही. आणि ‘बाकीचे करतात’ हे कयामतच्या दिवशी चालणारं उत्तर नाही, हे आपण मुलांना रोज शिकवतो. उलट बाजू बघा. मोठ्या कंपन्या आता सेकंडहँड गाड्यांच्या बाजारात उतरल्या आहेत, तपासणीची यादी छापून देतात, वॉरंटी देतात. गिऱ्हाईक त्यांच्याकडे जादा पैसे मोजून जातं, कारण नाक्यावरच्या दलालाने विश्वास गमावला आहे. ज्यांच्या दीनमध्ये दोष सांगून विकणं हीच इबादत मानली आहे, त्यांनी या बाजारात पहिल्या नंबरवर असायला हवं होतं.

म्हणून मागणी साधी आहे. गाडी विकणाऱ्याने एका कागदावर लिहून द्यावं: अपघात, पाणी, मीटर, विम्याचा दावा, कर्ज, चलन. जे माहीत आहे ते माहीत, जे माहीत नाही ते माहीत नाही. खाली दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार. बकराच्या आयतीने साक्षीदार सांगितलेच आहेत, आपण फक्त कागद जोडायचा. आपल्या मिस्त्रींनी गाडी तपासून द्यायची ठरावीक फी घेणाऱ्याकडून उघडपणे घ्यावी आणि विकणाऱ्याकडून कमिशन घेणं सोडावं. आणि मीटर फिरवायला आलेल्याला हात जोडून परत पाठवावं. जमातीने तंट्यात बसताना ‘समझौता कर लो’ म्हणण्याआधी तो कागद मागावा.

आणि मौलाना साहेबांना अदबीने एक विनंती. दाढीच्या लांबीवर आणि पायजम्याच्या उंचीवर आपण पुष्कळ जुमे खर्च केले. हदीसच्या बहुतेक मोठ्या संग्रहांत किताबुल बुयू नावाचं खरेदी-विक्रीचं स्वतंत्र प्रकरण आहे. एक जुमा त्याला द्या. कासेतलं दूध आणि ओलं धान्य यांच्याबरोबर मीटर आणि चेसिस नंबर हे शब्दही मिंबरवरून उच्चारले जाऊ द्या. समोरच्या सफेत गाडी विकणारे, रंगवणारे आणि उद्या घ्यायला निघालेले, तिघेही बसलेले असतात.